बैलाला ऐकू येईल असं

करीमचाचा नालबंद गेल्याचं मला लाखनीच्या बाजारात कळलं, दोर विकत घेताना. दुकानदार म्हणाला, "चाचा गेले नं जी, जुम्याच्या रोजी माती झाली." मी दोर घेतला, पुढच्या दुकानात गेलो आणि काय घ्यायचं होतं तेच आठवेना. याला आता दीड महिना झाला...

चाचा आमच्या गावात वर्षानुवर्षं येत. धानाच्या चिखलात बैलाला नाल कशाला लागतो? पण महामार्गाच्या डांबरावरून राइस मिलपर्यंत गाडी न्यायची तर खूर झिजून रक्त येतं. हे काम बघायला मोठं राकट. पायात दोर अडकवून बैल धाडकन पाडायचा, चारी पाय बांधायचे, सुरीनं खूर तासायचा, मग खिळे ठोकायचे. बैल डोळे पांढरे करतो, फेस गाळतो. सुरी लावण्याआधी चाचा त्याच्या कानाशी मोठ्यानं 'बिस्मिल्ला' म्हणायचे. आमचा भुऱ्या तेवढ्यानं अंग सैल सोडायचा.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी रस्त्यालगतच्या माझ्या खळ्यात भुऱ्या पाडलेला होता आणि मी चहा आणायला घरात गेलो. बांधलेला बैल, दाढीवाला माणूस, हातात सुरी, तोंडात तो शब्द... मोटारसायकलींवरून जाणाऱ्या पाचसहा पोरांना एवढं पुरलं. मी बाहेर आलो तेव्हा चाचा जमिनीवर होते आणि त्यांचाच हातोडा त्यांच्या उजव्या हातावर पडत होता. "अरे, नाल ठोकून राहिले ते! बैल माहा हाये!" मी ओरडलो. एकानं मला ढकललं, मग माझ्या कपाळावरचं गंध पाहिलं आणि म्हणाला, "माफ करा, काकाजी." माफी मागितली, ती माझी! चाचांचे दोन दात मातीत पडले होते. रक्त थुंकत ते म्हणाले, "आधी बैल सोड, बाबू."

हात जुळला, पण वाकडा. सहा महिन्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा मी आयुष्यातलं सगळ्यात भेकड वाक्य बोललो. "चाचा, थे मनातल्या मनात म्हणत जा नं. काहून उगाच..." चाचांनी हातातला खूर तासून पुरा केला. मग म्हणाले, "मनात म्हटलं तं अल्ला आयकते रे बाबू. बैलाले कसं आयकू येईन?" पण माझा शब्द त्यांनी मानला. मी काळजीपोटी बोललो, असं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. हात मोडणाऱ्यांचं उरलेलं काम मी केलं. त्यानंतर दर वेळी भुऱ्या शेवटच्या खिळ्यापर्यंत तडफडायचा आणि मी दुसरीकडे बघत उभा राहायचो.

गेल्या आठवड्यात साकोलीकडचा नवा नालबंद आला. भुऱ्या आता म्हातारा झालाय, तरी लाथेनं त्यानं त्या माणसाची पेटी उडवली, नव्या दोराखाली त्याची कातडी सोलून निघाली. रस्त्यावर माणसं थांबली, दोनचार मोटारसायकलीही थांबल्या. मी भुऱ्याच्या मानेवर गुडघा टेकला, कानाशी वाकलो आणि चाचा म्हणायचे तसंच, मोठ्यानं म्हणालो, "बिस्मिल्ला."

भुऱ्याचं अंग सैल झालं. बैल तोच, रस्ता तोच, शब्दही तोच... मला कोणी मारलं नाही.