धम्मदीपच्या डबीचं दुसरं बटण

आमचा धम्मदीप गेला त्याले आता चार महिने झाले. पण विहारात गाण्याची पार्टी बसली का लोकं अजून त्याच्या डबीची गोष्ट काढतेच.

मूल गावाले बसस्टँडच्या मांगं त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक समोर बसून राहे, न हा गरम सोल्डरिंग हातात धरून तलावाकडं पाहत राहे. पान्यावर ऊन हालून राह्यलं का त्याले त्याचाही सूर आयकू ये म्हणे. गिटार त्यानं नागपुरातून जुनी आणली, न गिटार अन् स्पीकरच्या मधात जोडाले एका लोखंडी डब्यात सोताच डबी बनवली. पायानं बटण दाबलं का साधा सूर भुंग्यावानी घुमे.

त्याची माय रुखमाबाई. पंचवीस साल राइस मिलमंदी कामाले होती. मिलच्या आवाजानं तिचे कान हळूहळू बरेच गेले. ढोलक समजे, कारण बुडाखालची जमीन हाले. गिटार काही समजे नाई. नव्याण्णवच्या जयंतीले सगळ्यायसमोर म्हणाली, "तुह्ये हात हालतेत तेवढं दिसते बाबू. वाजवून राह्यला का खाजवून राह्यला, मले काय मालूम!"

सारे हासले. तोही हासला. पण डॉक्टर म्हणाला होता, मायचं उरलेलं आयकणं साल-दोन साल पुरंल. एका गाण्याच्या मधात त्यानं सोताच्या मनानं एक तुकडा बसवला होता. तेवढा तरी मायच्या कानात जावा, कान बंद व्हायच्या आत, हेच त्याच्या डोक्यात घुमू लागलं.

पहिले त्यानं डबीचा कान, म्हंजे फिरवाची खुंटी, पुरा पिळला. घुमणं वाढलं, आवाज तेवढाच. मंग आवाज वाढवाचा एक बारका पुर्जा, ट्रान्झिस्टर, आणून डबीच्या तोंडाशी जोडला, गिटारचा आवाज आत जातानीच मोठा व्हावा म्हणून. तरी तेच. ऑर्गनवाला गुलाब म्हणे, "धम्मदीपभाऊ, आंधी एक भुंगा होता, आता पुरं मोहोळ आणलं तुमी. पण उडून कुठी नाई राह्यलं!"

एक दिवस दुपारी माय जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. त्यानं हातवारे करून, कानाशी ओरडून तिले सांगतलं का आत कितीबी घातलं तरी बाहेर तेवढंच येते.

"मिलमंदी नवा माणूस आला का असंच करे," माय म्हणाली. "तांदूळ जास्त पायजे म्हणून वरून धान कोंबे. मशीन देते तेवढंच देते. कोंबलं त चोंदते."

"मंग काय करत तुमी?"

"काय करतो? मशीनच्या बाहेर निघालं तेच उचलाचं न वर चढवाचं. भाजी खा आंधी, थंडी झाली."

भाजी तशीच राह्यली. तो तलावाकडं पाहत बसला, अन् हळूच हासला. डबीतले डायोड नावाचे दोन बारके पुर्जे आवाजाचं डोकं एका उंचीवर छाटत. तोंडाशी कितीबी वाढवलं तरी डोकं छाटल्याच जाये. वाढवाचं होतं छाटून झाल्यावर. त्यानं ट्रान्झिस्टर तोंडाशीचा काढला, शेपटीले लावला, न त्याले वेगळं बटण देल्लं.

ऑक्टोबरात धम्मचक्राचा कार्यक्रम होता. चार वाजताचं पिवळं ऊन, भोवताल पिकाले आलेल्या धानाचा वास, न विहाराच्या आवारात सारी वस्ती. रुखमाबाई पुढंच चटईवर बसली होती, सुपारी चघळत, भलतीकडंच पाहत. गाणं मधात आलं. धम्मदीपनं डोळे मिटले न दुसरं बटण दाबलं.

तो सूर ढोलकीच्या वर निघाला, ऑर्गनच्या वर निघाला, निंबाच्या शेंड्यापावतर गेला. रुखमाबाईचं तोंड थांबलं. तिनं पहिले झाडाकडं पाह्यलं, पाखरू आलं का काय म्हणून. मंग पोराच्या बोटायकडं. बोट हाले न सूर हाले. ती उठली, स्टेजपाशी आली, न कानानं गेलेली माणसं बोलतेत तशी जोरानं ओरडली,

"दीप्या! हळू वाजव ना बाप्पा! लोकायले तरास होते!"

गुलाबचे हात ऑर्गनवरून घसरले. माइकवाला धावत आला, आवाज कमी करू का म्हणे. धम्मदीपनं मान हालवली, नाई. तुकडा सरला होता तरी त्यानं तो पयल्यापासून परत धरला. सरला का परत धरला. माय शिव्या देतच राह्यली, पण चटईवर काही गेली नाई.