आमच्या टीव्हीचा ब्राइटनेस

आमच्या घरात रंगीत टीव्ही आला तो आम्ही नेरूळला राहायला आल्यावर. त्याआधीचा काळा-पांढरा टीव्ही थपडेवर चालायचा. चित्र हलायला लागलं की उजव्या अंगाला एक थप्पड द्यायची, आणि ती नेमकी कुठे आणि किती जोरात द्यायची हे फक्त आईला जमायचं. नव्या टीव्हीला रिमोट होता. रिमोट आला आणि टीव्हीचा कारभार आईकडून बाबांकडे गेला.

बाबा बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत होते. कुठलीही गोष्ट रीतसर झाल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने चॅनेल लावून दिले, चहा घेतला आणि निघताना तो म्हणाला, "ब्राइटनेस, कलर वगैरे तुमच्या आवडीप्रमाणे करून घ्या." दार लागलं तसे बाबा चिडलेच. "आवडीप्रमाणे म्हणजे काय? रंग ही काय आमटी आहे, कमी-जास्त तिखट करायला? खरा रंग असेल तो एकच असेल."

आईचं म्हणणं सोपं होतं. रंगीत घेतलाय तर रंग दिसू दे की. म्हणून पहिल्या दिवशी पडद्यावरची कलरची हिरवी रेघ पार शेवटपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सारसोळ्याची कोळीण मावशी मासे घेऊन दारात आली तेव्हा दुपारच्या बातम्या चालू होत्या. टोपली खाली ठेवून ती बराच वेळ आत बघत राहिली आणि आईला म्हणाली, "बाय, ही कोन हाय? उकडलेल्या कोलंबीवानी का झालीय? ताप हाय का तिला?" आई हसून हसून बेजार झाली. संध्याकाळी बाबांना हे कळलं आणि त्यांनी लेंगा-बनियन चढवून जे काम हातात घेतलं ते पुढे कित्येक आठवडे सुटलं नाही.

अडचण अशी होती की टीव्हीतला रंग खरा की खोटा हे ठरवायचं कसं? बातम्या देणाऱ्या बाईची साडी प्रत्यक्षात कोणी पाहिली होती? बाबांनी दोन दिवस विचार केला आणि तोड काढली. ज्या वस्तू आपण डोळ्यांनी पाहिल्यात, नव्हे, ज्या आपल्या कपाटात आहेत, त्याच टीव्हीत बघायच्या. आत्याच्या मुलाच्या लग्नाची कॅसेट आमच्याकडे होती. साताऱ्याचं लग्न, आम्ही सगळे त्यात होतो आणि त्यातले आमचे कपडे घड्या घालून ठेवलेले होते. शनिवारी बाबांनी कॅसेटवाल्याकडून व्हीसीपी भाड्याने आणला, कॅसेट लावली आणि एका जागी थांबवली. चित्रात अक्षतांचं ताट घेऊन ताई उभी होती डाळिंबी साडीत, शेजारी मी, मागे बाबा तपकिरी सफारीत. थांबवलेलं चित्र थरथरत होतं, पण तेवढं चालत होतं.

मग मला हुकूम झाला, "साडी काढ." मी ताईची डाळिंबी साडी टीव्हीशेजारी धरून उभी राहायची. बाबा पलंगावर बसून एकदा साडीकडे बघायचे, एकदा टीव्हीकडे बघायचे आणि बटण दाबायचे. ट्यूबच्या उजेडात जुळलेला रंग बल्ब लावला की बिघडायचा. पडदा ओढला की आणखी बिघडायचा. "हात खाली नको घेऊ, आत्ता जुळत आलं होतं," असं ते ओरडले की माझा जीव जायचा. ताई शेजारी वह्या तपासत बसलेली असायची. ती वाशीच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि आमच्या घरातली एकमेव शांत बाई होती. "बाबा," ती मान वर न करता म्हणायची, "एका वेळी एकच रेघ हलवा, नाहीतर उत्तर येणार नाही." बाबा ऐकायचे नाहीत.

एका रविवारी साडी जवळजवळ जुळली. बाबांनी आनंदाने आईला हाक मारली. आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, तिने चित्राकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"अहो, पोरगी किती काळी दिसतेय!"

"साडी बघ तू. साडी कशी बरोबर आलीय."

"साडीला कोण बघायला येणार आहे?" आई म्हणाली आणि आत निघून गेली.

ताई सावळी होती. बाबांवर गेली होती. मी आईवर गेले आणि गोरी झाले. यात माझं कर्तृत्व काहीच नाही, पण लोक माझं कौतुक असं करायचे की जणू मीच रात्रंदिवस मेहनत केलीय. ताईसाठी स्थळं बघणं चालू होतं. येणारे लोक तिची नोकरी विचारायचे, तिच्या हातचे पोहे खायचे, मग निरोप यायचा. कोणी सरळ बोलायचं नाही, पण आईला सगळं समजायचं. तिने सायीपासून मसुराच्या डाळीपर्यंत जे जे तोंडाला लावता येतं ते ताईच्या तोंडाला लावून पाहिलं होतं. "आई, या बेसनाची भजी केली असतीस तर निदान खाल्ली तरी असती," ताई म्हणायची. आई हसायची नाही. मुलीच्या रंगासाठी आपणच काहीतरी कमी पडलो, असं तिला मनापासून वाटायचं आणि मला तेव्हा त्याचा नुसता राग यायचा, त्यापलीकडे काही कळायचं नाही.

त्या रविवारनंतर आमच्या टीव्हीला वेगळाच आजार झाला. बाबा रात्री ब्राइटनेस लावून झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले की तो वर चढलेला असायचा. सगळी माणसं पावडरच्या डब्यात पडून उठल्यासारखी. मालिकेतला खलनायकसुद्धा गोरापान. बाबांनी डोकं चालवून निष्कर्ष काढला की महाप्याच्या कारखान्यांमुळे व्होल्टेज वरखाली होतं. ते शेजाऱ्यांनाही समजावून सांगायचे. दुपारी रिमोट कोणाच्या हातात असतो हे ताईला ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो आणि कारखान्यांना दोष जाऊ द्यायचो.

अशात आत्या आली. साताऱ्याहून येताना ती पिशवीत वाटाणा, गूळ आणि एखादं स्थळ घेऊन येतेच. या वेळचं स्थळ ठाण्याचं होतं. मुलगा महाप्याला एका कंपनीत इंजिनिअर, एकुलता एक, घरचे आपल्याकडचेच. फोटो मागितला होता. स्टुडिओतल्या फोटोवर आईचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा आत्याच म्हणाली, "फोटो कशाला? लग्नाची कॅसेटच देते की नेऊन. चालती-बोलती दिसंल पोरगी." बाबांना ही कल्पना फार पटली नाही, कारण कॅसेट गेली की त्यांचा अभ्यास थांबणार होता. पण देण्याआधी एकदा आत्याला दाखवायला म्हणून आईने ती लावली. दुपारच्या वेळी. दुपारच्या ब्राइटनेसवर.

"अगं बाई!" आत्या पुढे सरकून बसली. "किती उजळ दिसतीय! मी लग्नात नीट बघितलंच नव्हतं. आता मी त्यांना छातीठोक सांगते."

नको म्हणायला आईच्या तोंडातून शब्द फुटला नाही आणि हो म्हणायची गरजच पडली नाही. आत्या कॅसेट घेऊन ठाण्याला गेली. आठवडाभराने निरोप आला, मुलगी पसंत आहे, रविवारी प्रत्यक्ष बघायला येतो.

त्या आठवड्यात आई आधी आनंदली आणि मग धास्तावली. भाजी निवडताना मध्येच थांबून विचारायची, "त्यांच्या टीव्हीत कशी दिसली असेल गं?" ताई म्हणाली, "त्यांचं सेटिंग माहीत नाही, आई. आपलं माहीत आहे." आईने तिच्याकडे चटकन पाहिलं. ताईला हे लग्न हवं होतं की नव्हतं हे मला नक्की सांगता येणार नाही, पण पुन्हा एकदा नकार यावा हे तिला नको होतं, एवढं नक्की. त्या दिवसांत ती वह्यांवर लाल पेन जरा जोरातच चालवायची.

रविवारी मला आतल्या खोलीत बसवण्यात आलं. आमच्यात धाकटी जास्त गोरी असली तर थोरलीला बघायला येतात त्या दिवशी तिला समोर आणत नाहीत. एरवी मला मैत्रिणीकडे पाठवायचे. या वेळी घाईत ते राहून गेलं आणि मी दाराच्या फटीला डोळा लावून बसले. मुलगा, त्याची आई, त्याचे मामा आणि आमची आत्या. मुलाच्या आईने पिशवीतून कॅसेट काढून टीपॉयवर ठेवली. ताई पोहे घेऊन बाहेर गेली. डाळिंबी साडीच नेसली होती, तिनेच ठरवलं होतं.

मुलाच्या आईने ताईकडे पाहिलं, मग आत्याकडे. मग परत ताईकडे.

"कॅसेटमध्ये जरा वेगळ्या दिसत होत्या," त्या म्हणाल्या.

"उन्हातून जाती-येती ना शाळेत," आत्या घाईने म्हणाली. "त्यानं जरा रापलीय."

"नाही, तुम्ही उजळ म्हणाला होता म्हणून." बाई तशा वाईट नव्हत्या, आवाजही चढला नव्हता. पोह्यांचा एक घास खाऊन त्यांनी अगदी सहज विचारलं, "कॅसेटमध्ये शेजारी आणखी एक मुलगी उभी होती. ती धाकटी का? ती दिसत नाही कुठे."

मला फटीतून ताईची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ ताठ होती आणि अजिबात हलली नाही. मला बाहेर जाऊन त्या बाईंच्या हातातली बशी काढून घ्यावीशी वाटली. बाबांनी घसा खाकरला, पण नियमात बसेल असं वाक्य त्यांना सापडेना.

आई उठली. तिने टीपॉयवरची कॅसेट उचलली आणि व्हीसीपीत घातली. बाबांनी कॅसेट परत मिळणार म्हणून तो आदल्या दिवशीच भाड्याने आणून ठेवला होता. अक्षतांचं ताट आलं तिथे आईने चित्र थांबवलं. पडद्यावर ताई दुपारच्याच ब्राइटनेसवर गोरीपान, थरथरत उभी होती. आईने रिमोट हातात घेतला आणि ब्राइटनेस खाली आणायला लागली. एक रेघ कमी करायची, सोफ्यावर बसलेल्या ताईकडे बघायची, पुन्हा एक रेघ. मामांनी हातातला कप खाली ठेवला. पडद्यावरची मुलगी सावळी होत होत आमची ताई झाली, तेव्हा आई थांबली.

"ही आमची मुलगी," ती म्हणाली. "अशी आहे. टीव्हीत चूक माझी होती. हिच्यात काही चूक नाही."

मग तिने सगळ्यांना पुन्हा पोहे वाढले.

मंडळी गेली. मुलाने जाताना ताईकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलावंसं वाटलं असावं त्याला, पण त्याची आई पुढे चालायला लागली तसा तोही चालायला लागला. मी बाहेर आले तर बाबा टीव्हीसमोर उभे होते. ते एकदा पडद्याकडे बघत होते, एकदा ताईच्या पदराकडे.

"अगं, साडी जुळली," ते हळूच म्हणाले. "सफारीसुद्धा."

ताईने पदराचं टोक उचलून काचेला लावलं. कुठे साडी संपते आणि कुठे टीव्ही सुरू होतो ते कळत नव्हतं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. आईने तिला जवळ घेतलं. आत्या मात्र रागावून बसली होती.

ठाण्याहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती. ताईचं लग्न पुढे झालं, तिच्या मनासारखं झालं आणि माझे मेहुणे आजही कुठल्याही समारंभात तिच्याकडेच बघत बसतात, पण ते सगळं नंतरचं.

त्याच आठवड्यात संध्याकाळी आम्ही सगळे मालिका बघत होतो. गोष्टीत अंधारी विहीर होती, विहिरीपाशी कोणीतरी होतं आणि त्या कोणालातरी कोणीतरी ढकलणार होतं. आमच्या पडद्यावर नुसता काळोख होता. किंकाळी ऐकू आली, पण कोण पडलं ते समजेना. बाबा वैतागले. "काहीच दिसत नाही. ब्राइटनेस जरा वाढवतो," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

आईने रिमोट उचलून मांडीखाली घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "कोण पडलं ते उद्याच्या भागात कळेल."