तोडलेलं पाणी

मांडवीची ताजबी जिभेची फटकळ, पण नवऱ्यावर जीव टाकणारी. नवरा सुलेमान गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. पंचावन्न सालच्या सुमारास त्याच्या कमरेतून कळा निघू लागल्या.

"मूतखडा वाटतो," आत्माराम डॉक्टर म्हणाले. "शिरेतून औषध घालून एक्स-रेचा फोटो काढू. आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचं, थेंबही प्यायचा नाही, म्हणजे औषध फोटोत ठळक उठतं."

तेव्हा रीतच तशी होती.

नेमकं आदल्या दिवशी सुलेमानला शिळं कालवण बाधलं. सकाळपासून जुलाब.

"डॉक्टरांच्या कानावर घालूया," तो म्हणाला.

"काय नको. फोटो पुढं ढकलतील नि तू तसाच गलबतावर पळशील."

संध्याकाळी त्याची जीभ टाळूला चिकटली. "गो ताजबी, घोटभर तरी दे." तिनं उठून पाण्याची कळशी शेजारच्या रझियाकडे नेऊन ठेवली.

फोटो निघाला. खडा बारीक होता, आपोआप पडण्यासारखा. पण त्यानंतर सुलेमानला लघवीच होईना. दुसऱ्या दिवशी तो ग्लानीत गेला. डोळे खोल, ओठ फुटलेले.

डॉक्टर चक्रावले. "फोटोआधी ह्याला काही झालं होतं का?"

ताजबीनं मान हलवली, "नाही." डॉक्टर वळले, तशी तिनं त्यांचा हात धरला. "जुलाब झालेले, डॉक्टर. मीच सांगू दिलं नाही त्याला. पाणीही मीच लपवलं."

डॉक्टरांनी सुलेमानची नाडी पाहिली. "मीही विचारायला हवं होतं. आटलेल्या अंगात ते औषध गेलं, मूत्रपिंडांना सोसलं नाही." त्यांनी लगेच शिरेतून सलाईन लावलं.

हळूहळू लघवी सुटली. सुलेमान वाचला, पण पूर्वीची ताकद आली नाही. समुद्र सुटला, किनाऱ्यावर बसून तो शिडं शिवू लागला.

त्यानंतर असा फोटो काढण्याआधी डॉक्टर प्रत्येकाला खोदून विचारत: जुलाब, उलट्या, ताप? तसं काही असलं तर आधी पाणी पाजून अंग सावरू देत, मगच फोटो.

"तू वेळेवर बोललीस म्हणून नवरा वाचला," रझिया एकदा म्हणाली.

"वेळ आदल्या दिवशी होती," ताजबी म्हणाली.

सुलेमाननं तिला कधीच बोल लावला नाही. तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.