बाळकुममध्ये आयेचं पान

लिन्हला भारतात काय काय दाखवायचं याचे मी केवढे बेत आखलेले! बाईसाहेब विमानतळाबाहेर आल्या, मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "आधी बाळकुम." झालं, बाकीचे बेत गुंडाळले.

मागची दोन वर्षं मी जर्मनीत शिकत होते. लिन्ह व्हिएतनामची, आमच्याच मजल्यावरची. तिसरा प्रथमेश, म्हणजे आमचा पम्या, बाळकुमचा आगरी पोरगा. सगळ्या मजल्याला मिळून एकच स्वयंपाकघर, त्यामुळे दर रविवारी दुपारी पार्टी. कुणाचा पास्ता, कुणाचे मोमोसारखे गोळे, पम्याचं सुकट, माझी साबुदाण्याची खिचडी (जिला जर्मन पोरं डिंक म्हणायची, मेल्यांनो!). पम्या शेजारी एक जास्तीचं ताट मांडायचा आणि दोन्ही संपवायचा. "हे आयेचं पान," म्हणायचा; आये म्हणजे त्याची आई. आम्ही त्याला खादाड म्हणून चिडवायचो.

गेल्या हिवाळ्यात पम्या झोपेतच गेला. त्यापुढे मला लिहिता येत नाही.

मी डोंबिवलीला परत आले आणि महिन्याभरापूर्वी त्याच्या बहिणीचा, वैशालीताईचा, फोन आला. "आये जेवत नाही गं. घास घेते आणि काढून टाकते. चवच नाही म्हणते. डॉक्टर झाले, सगळं झालं. हाडं राहिलीत नुसती. आता म्हणते, पम्याच्या मैत्रिणींना बोलवा." मी लिन्हला कळवलं आणि तिने सरळ तिकीटच काढलं.

तर रस्ता. आमचं घर डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याला. शीळफाट्याच्या कोंडीत ज्यांना म्हातारं व्हायचंय त्यांनी खुशाल तिकडून जावं. आम्ही डोंबिवली पश्चिमेला येऊन माणकोलीच्या पुलावरून गेलो, पुढे कशेळीवरून बाळकुम. टॅक्सी पाचशेच्या आत पडते. सकाळी लवकर निघा, पुलावर वारा छान असतो. निघण्याआधी बाजारातून जिताडा घेतलेला. तो बघून लिन्ह ओरडलीच, "अगं, हा तर आमच्याकडेही मिळतो!" मी ते मराठीत सांगितल्यावर कोळीणबाई एवढी खूश झाली की मासा फुकटात साफ करून दिला.

बाळकुम म्हणजे नुसते टॉवर, असंच मला वाटायचं. पण दोन टॉवरांमधल्या गल्लीत शिरलं की जुनं गाव लागतं. तिथे पम्याचं दुमजली घर. एवढ्या उजेडात, भर रविवारी, त्या गल्लीत एकही आवाज नव्हता. कुत्रीसुद्धा आमच्याकडे बघत गप्प उभी होती. मला उगाचच मागे फिरावंसं वाटलं.

आये बाहेरच्या खोलीत पलंगावर होती. केवढीशी झालेली! "ये गो पोरी," म्हणाली आणि लिन्हचा हात बराच वेळ सोडला नाही.

लिन्हने चिंच, टोमॅटो, अननस घालून जिताड्याचं आंबट सार केलं. वर हिरव्या मिरच्या. पम्या यावर जीव टाकायचा. पानं मांडताना आये म्हणाली, "माजं पान हिच्या बाजूला मांड." म्हणजे माझ्या. स्वतः समोर बसली, पुढ्यात नुसती तांदळाची कोरडी भाकरी.

"आये, सार घे ना," वैशालीताई म्हणाली.

"माजं ती जेवल. पम्या जेवायचा तसं. तो जर्मनीला जायच्या दिवशी मीच त्याला सांगितलेलं, तुजं तू जेव, माजंपन तूच जेव."

म्हातारीचं मन मोडायचं कशाला, म्हणून मी तिच्या पानातला घास घेतला.

काहीच लागलं नाही. आंबट नाही, खारट नाही. ओला कागद चघळल्यासारखं. मला वाटलं, परत कोविड! माझ्या पानातला घास घेतला, तोही तसाच. लिन्ह मात्र मजेत जेवत होती.

समोर आयेने भाकरीचा तुकडा मोडला. चावला. गिळला. वैशालीताई जागच्या जागी थिजली.

"अननस हाय," आये डोळे मिटून म्हणाली. "गोड हाय. चिंच जरा जास्ती."

वास आला असेल तिला, मी स्वतःला समजावलं. दुसरा घास घेतला.

"हाय हाय, मिरची! पोरी, काड ती!" आयेच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

मी हातावर घास काढून बघितला. अर्धी चावलेली मिरची. मला पत्ताच नव्हता.

खरं सांगते, उठून पळावंसं वाटलं. पण आयेने दुसरी भाकरी मागितली आणि वैशालीताई तोंडात पदर कोंबून रडत ती आणायला गेली. मग कसली पळते! दोन्ही पानं पुसून संपवली.

परतताना पुलावर लिन्ह म्हणाली, "आमच्याकडे गेलेल्यांपुढे ताट ठेवतात, मग ते आपण खातो. आजी म्हणायची, त्याची चव आधीच कुणीतरी नेलेली असते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पम्या दर रविवारी विचारायचा बघ, कसं झालंय, कसं झालंय. मला वाटायचं, कौतुक ऐकायचंय त्याला."

दोन वर्षं! एवढ्या देशांचं जेवण आमच्याबरोबर बसून जेवला आणि त्याला त्यातलं काही लागलंच नाही.

लिन्ह परत गेली. तुम्ही बाळकुमला जायचं म्हणाल, तर बघण्यासारखं तसं काही नाही. माझ्याबरोबर मात्र रविवार आला. दुपारी मी दोन पानं घेते आणि तोंडाची चव जाते. संध्याकाळी परत येते. एका रविवारी घाबरून उपाशीच राहिले, तर ताईचा मेसेज आला, आयेने आज ताट सरकवलं. त्यानंतर चुकवलं नाही. आई म्हणते, पोरगी जर्मनीहून हावरट होऊन आली.

परवा रविवारी आईने पुरणपोळी केलेली. माझी सगळ्यात लाडकी. जेवताना ताईचा मेसेज आला: "आये विचारते, पुरणात जायफळ कुणी घातलं? फार आवडलंय."

"आई, जायफळ घातलंस?"

"हो गं, या वेळी पहिल्यांदाच. लागलं का?"

"लागलं ना," मी म्हटलं, आणि आणखी एक वाढायला सांगितली.