डब्यावरचा हात

बजाजनगरात फकिराअण्णांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि अण्णांनी ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही असा सापडणं त्याहून कठीण. वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांची उभी हयात गेली. सुटीचा भोंगा झाला की कामगारांचे डबे उघडून बघायचे, भाकरीखाली लपून निघालेला बोल्ट पकडायचा, हे काम. त्या कामानं शिकवलेला एक नियम ते भेटेल त्याला ऐकवत. "डब्यावर जो हात ठेवतो ना, त्याच्याच डब्यात कायतरी असतंय."

माणूस निवृत्त झाला, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्याच्या मापावर संशय, जावयाच्या नमस्कारावरही संशय. भावकीनं मात्र या गुणाचं सोनं केलं. कुणाच्या पोरीला स्थळ आलं की चौकशीला अण्णांनाच धाडत. अण्णा देवदर्शनाच्या निमित्तानं त्या गावी उतरत, सलूनमध्ये दाढी करता करता खबर काढत, आणि शेवटी मुलाच्या दारात जाऊन म्हणत, "बाई, घोटभर पाणी मिळंल का?" पाणी येईपर्यंत घर बघून व्हायचं. पाणी कोण आणतं, आणणारीचा चेहरा कसा आहे, एवढं त्यांना पुरे. या घोटभर पाण्यावर त्यांनी जुळत आलेल्या सोयरिकी मोडल्या होत्या.

म्हणून सांगलीहून फोन आला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांच्या धाकट्या लेकीला, श्रेयाला, सांगलीचा विश्वजीत पसंत होता, त्यालाही ती. पुण्यात नात्यातल्या घरी बघण्याचा कार्यक्रम झाला होता. राहिली होती ती बैठक, म्हणजे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून लग्न पक्कं करायचं. आणि आता विश्वजीतची आई, चंपाबाई, म्हणत होती, "आम्ही मायलेकरं दोन दिस तुमचं शहर बघायला येतो म्हंते. येरूळ बघायचं, किल्ला बघायचा. विशूला तुमच्याकडचा नान-खलिया खायचाय. बैठकीचं मग बघू की."

फोन ठेवून अण्णा बायकोला म्हणाले, "ही सहल नाय, लीला. ही चौकशी हाय. मी काय कमी देवदर्शनं केली व्हय?"

"मग करू द्या की. आपल्याकडं काय चोरी हाय?"

चोरी नव्हती, पण झाकलेलं होतं. थोरली सोनिया सासर सोडून माहेरी आली होती. सोडचिठ्ठीचं कोर्टात चालू होतं, ती पुढच्या खोलीत मशीनवर ब्लाऊज शिवत होती. आणि पुण्याच्या त्या कार्यक्रमात अण्णा भर मंडळींत बोलून गेले होते, "थोरली सासरी सुखात हाय." आता हे फुटलं तर धाकटीचंही मोडणार, ही भीती त्यांना जेवू देईना.

मग अण्णांनी सहल आखली. बाई, काय आखली! पाहुणे नगरकडून येणार म्हणजे वाटेत आधी बजाजनगरच लागणार. म्हणून त्यांनी सरळ स्टेशनजवळच्या लॉजवर यायचं. पहिल्या दिवशी वेरूळ आणि दौलताबाद. बाई किल्ला चढली की दमेल, दमली की झोपेल. संध्याकाळी जुन्या शहरात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा. दुसऱ्या दिवशी मकबरा, पाणचक्की, हिमरू शालींचं दुकान, इमरती, आणि तिथूनच निरोप.

"आवं, पाहुण्यांना घरी जेवायला बोलवायचं नाय?" लीलाबाईंनी कपाळावर हात मारला. "लोक तोंडात शेण घालतील."

"घरी रंगकाम काढलंय म्हणायचं."

सोनियाला पैठणला मावशीकडं जायला सांगितलं. तिनं अर्ध्या शिवलेल्या ब्लाऊजवर कापड टाकलं, पिशवी भरली, आणि दारात चप्पल घालताना एवढंच म्हणाली, "पाहुणे गेले की फोन करा."

पाहुणे आले. चंपाबाई बुटकी, हसरी, आणि अण्णांच्या मते फारच हसरी. ती वेरूळच्या लेण्यांपेक्षा माणसांकडं जास्त बघत होती. चहावाल्याशी तिचं हळू आवाजात काय चाललंय, हे ऐकायला अण्णा दोनदा विनाकारण साखर मागायला गेले. किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुलभुलैयात, टॉर्चच्या उजेडात ते रंगात येऊन सांगू लागले, "शत्रू आत शिरला की त्याची हितं वाट चुकवायची. फिर फिर फिरवायचा, पण आत पोचू द्यायचा नाय."

"पाव्हण्याला बी?" चंपाबाईनं अंधारातून विचारलं.

अण्णांनी टॉर्च दुसरीकडं वळवला. रात्री खलिया विश्वजीतनं बोटं चाटत खाल्ला, अण्णा मात्र नानचे तुकडेच करत बसले.

दुसरा दिवस मात्र ठरल्याबरहुकूम पार पडला. अण्णांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. ते वाळूजपर्यंत निरोप द्यायला म्हणून पाहुण्यांच्याच गाडीत पुढं बसले. बजाजनगरचा फाटा आला तशी मागून चंपाबाई म्हणाली, "विशू, गाडी आत घे."

"आवो, घरी रंगाचा वास..."

"मला आवडतोय रंगाचा वास."

घरात कुठंही रंगाचा थेंब नव्हता. लीलाबाई दारातच थिजल्या. चंपाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "ताई, घोटभर पानी मिळंल का?"

आजवर अण्णा या वाक्याच्या त्या बाजूला उभे असत.

श्रेयानं पाण्याचा तांब्या-पेला आणला. चंपाबाई आत येऊन बसली, पेला हातात धरला आणि मशीनकडं बघत राहिली. "थोरली कुठं हाय?"

लीलाबाईंनी अण्णांकडं बघितलं, अण्णांनी जमिनीकडं.

"श्रेयानं विशूला पयल्याच दिशी समदं सांगितलंय, पाव्हणं. सासर सुटतंय एखादीचं, त्यात काय? मला एवढंच बघायचं व्हतं, तुमच्या घरात ती कुठं बसती. दोन दिस आख्खं शहर दावलंत. लेक न्हाई दावली. पोटच्या पोरीला झाकणारं घर उद्या आमच्यापासनं काय काय झाकंल, सांगा की."

राग नव्हता तिच्या आवाजात. असता तर अण्णांना बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे हात डब्यावरून बाजूला केले होते. आज हात त्यांचाच होता, आणि डब्यात त्यांची सोनिया होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला खोलीत कुठं जागाही नव्हती.

चंपाबाईनं भरलेला पेला मशीनच्या पाटावर ठेवला. "ती आली की पिते. बैठकीचं बी तवाच बोलू."

अण्णा ओट्यावर आले आणि फोन लावला. सोनियानं लगेच उचलला.

"गेले का पाहुणे, अण्णा?"

अण्णा म्हणाले, "नाय गेले. तुझ्यासाठी थांबल्यात. तू बसनं येऊ नको, मी येतो न्यायला."

सोनियानं विचारलं, "घरातला रंग वाळला का?"

"लावलाच नव्हता, बाई," अण्णा म्हणाले.