बंदरावरची धर्मशाळा

मी रत्नागिरी सोडली त्या दिवशी आये माझ्याशी धड बोललीसुद्धा नाही. आगबोटीपर्यंत माणसं नेणारा पडाव काठाला लागला होता, बाहेर खोल पाण्यात आगबोट भोंगे देत होती, पडावाचा तांडेल सगळ्यांच्या नावाने शिव्या घालत होता, आणि ही बाई धर्मशाळेच्या ओटीवर माझ्या ट्रंकेची दोरी सोडून पुन्हा बांधत बसली होती. दोरी मी चांगली आवळून बांधलेली होती. शेवटी उठली, ट्रंक माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "परत येशील तेव्हा आधी इथं बस. मी येन न्यायला." रडणं नाही, पोटाशी धरणं नाही. शेजारी एक बाई आपल्या लेकाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होती. तिच्याकडे बघून मला उगाच शरमल्यासारखं झालं.

"आधी इथं बस" म्हणजे काय, ते आमच्या बंदरावर न वाढलेल्यांना सांगायला हवं. दर्यावर पोट असलेल्या आमच्या माणसांत रीत अशी की फार दिवसांनी परत आलेला माणूस थेट घरात शिरत नसे. तो धर्मशाळेत बसायचा, मागच्या विहिरीवर अंघोळ करायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर घरी निरोप धाडायचा. मग आई नाहीतर बायको यायची, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा उतरून टाकायची, पायांवर पाणी घालायची आणि पुढे होऊन त्याला घरी न्यायची. धर्मशाळा म्हणजे काही राजवाडा नव्हता. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर नळीची कौलं, तिन्ही बाजूंना ओटी. राखणीला दाजी नावाचा म्हातारा, सदा खोकणारा आणि सदा चिडलेला. पण तू कुणाचा, इथं का बसलास, हे त्या चिडक्या माणसाने जन्मात कुणाला विचारलं नाही.

माझा बाप त्याच ओटीवरून गेला. तेव्हा पहिली जर्मन लढाई चालू होती आणि मी सात-आठ वर्षांचा होतो. बाबा परदेशी जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते. ते गेले, एकदा खुशाली आली, आणि मग काहीच नाही. मामाने मुंबईला जाऊन बोटीच्या कचेरीत चौकशी केली. तिथे एवढंच कळलं की वाटेतल्या कुठल्याशा बंदरावर बाबा खाली उतरले आणि बोट सुटेपर्यंत परत आले नाहीत. आयेने तेवढंच उराशी धरलं. उतरला म्हणजे बुडाला नाही, आणि बुडाला नाही म्हणजे आज ना उद्या येणार. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणाकडे तिला दाखवायला दुसरं काही नव्हतंही.

पुढे बंदराजवळचं आमचं भाड्याचं घर सुटलं. मामाने आम्हा दोघांना खाडीपलीकडे भाट्याला आपल्या घरी नेलं. हे नवं घर बाबांना ठाऊक नव्हतं, म्हणून आयेची सगळी भिस्त धर्मशाळेवर. ती रोज तरीने खाडी ओलांडून बाजारात मासळी विकायला यायची, आणि बोटीचा दिवस असला की पाटी तशीच टाकून बंदर गाठायची. दाजी लांबूनच नाही म्हणून मान हलवायचा. पावसाळ्यात बोटी बंद असत. ते चार महिने तिला सुटी. तेव्हा ती हसायची, गोष्टी सांगायची, मामीशी कडाकडा भांडायचीसुद्धा. नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या, की पुन्हा तोंड मिटलं.

मी मुंबईत गिरगावात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. तुमच्यापैकी पुष्कळजण मुंबईला गेलेत, तेव्हा खोलीचं, नळावरच्या भांडणांचं आणि ढेकणांचं पुराण तुमच्यापुढे कशाला लावू. मला जाचली ती एकच गोष्ट. या शहरात माणसाला उभं राहायला जागा आहे, बसायला नाही. कुणाच्या पायरीवर टेकलात की रखवालदार काठी आपटतो. इराण्याकडे चहा संपला की पोऱ्या फडकं घेऊन हजर. एवढे मोठाले दिवे, एवढे रस्ते, ट्राम, सगळं झकास, पण दमलेल्या माणसाने कुठे टेकावं याचा विचार काही कुणी केलेला दिसत नाही. तरी त्या वयात मी भारावून गेलो होतो, हेही तितकंच खरं. छापखान्यात पुढाऱ्यांची भाषणं यायची. 'नगरसुधारणा' हा शब्द मी इतक्यांदा जुळवला की डोळे मिटून हात बरोबर त्या त्या खणात जायचे. आपली रत्नागिरी कधी सुधारणार, असं मला मनापासून वाटायचं.

ती सुधारायलाही लागली. मी सुटीत जायचो तेव्हा दर खेपेला काही ना काही नवं दिसायचं. कोल्हापूरहून घाट उतरून मोटारी येऊ लागल्या. रस्ते रुंद झाले, माडांच्या रांगा मागे हटल्या, कौलांच्या जागी पत्रे आले. आयेला मोटारीचं कौतुक नव्हतं, धास्ती होती. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "मोटारीने आला तर रे? त्याला उतरवतील भलतीकडे." मी म्हटलं, कुठेही उतरले तरी बंदरावरच येतील चालत. तेवढ्याने तिचं समाधान झालं.

माझं लग्न झालं, खोली झाली, आणि मी तिच्या मागे लागलो की आता चल मुंबईला. मामा थकला होता, मामीचं नि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण ती बधायची नाही. "मी तिकडे येन, नि तो इथं आला की कुणाला हाक मारील? दाजीला?" माझी बायको म्हणायची, तुम्ही त्यांना नीट समजावत नाही. मग तिनेही समजावून पाहिलं आणि हात टेकले.

बाबांना जाऊन बारा वर्षं उलटली तेव्हा मामाने भटजींना बोलावलं. इतकी वर्षं पत्ता नसलेल्या माणसाची दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देतात, मग दिवस करतात. मामाच्या मनात वाईट काही नव्हतं. माणसाला कुठेतरी सोडवायला हवं, एवढंच त्याचं म्हणणं. आये ओट्यावर मासे साफ करत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "धर्मशाळा जाग्यावर हाय. ती हाय तोवर माझ्या कुंकवाला कुणी हात लावायचा नाय." भटजींनी पंचांग गुंडाळलं आणि चहा घेऊन गेले.

त्यानंतर काही वर्षांनी, शिमग्याला, मी बोटीने रत्नागिरीला गेलो. पडावातून काठाकडे बघतो तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधी वाटलं, उन्हाने डोळे दिपलेत. मग कळलं की धर्मशाळा नाही. चिऱ्यांचे ढीग एका बाजूला रचलेले, विहीर बुजवलेली, आणि मोकळ्या जागेवर खांब रोवायला खड्डे खणलेले. मालाची वखार होणार होती म्हणे, आणि मोटारींना वळायला जागा. दाजी कुठे गेला ते कुणाला सांगता येईना. माझ्याबरोबर उतरलेली माणसं आपापल्या ट्रंकांवर उन्हात बसली होती. आये आलेली नव्हती. मी तसाच तरीकडे धावलो.

ती घरात होती. भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर रिकामे. मी उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं आणि तिचं कपाळ दिसलं. कपाळ कोरं होतं. मनगटंही मोकळी.

मामा मला मागीलदारी घेऊन गेला आणि म्हणाला, "कौलं उतरवायला घेतली त्या दिवसापासून ती रोज बंदरावर होती. शेवटचा चिरा निघेपर्यंत उभी होती. त्या संध्याकाळी घरी आली, न्हाली, नि बांगड्या फोडल्या."

मी आत जाऊन तिच्याजवळ बसलो. तिनेच सांगितलं, "माघ वद्य दशमी होती. ती तिथी धर. आता काय ते त्याचं कर बाबा." मग थोडं थांबून, "नि मला ने तुझ्याकडे." जिला मी इतकी वर्षं गयावया करून हलवू शकलो नव्हतो, ती आपण होऊन निघाली होती. मला त्याचा आनंद झाला नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडलो.

गाववाले हो, माझा मोटारीवर राग नाही. वखारीही लागतात, रस्तेही लागतात. मी स्वतः त्याच भाषणांचे खिळे जुळवून पोट भरतो. पण एखादी इमारत खाली घेण्याआधी एवढं तरी कुणी विचारावं की बाबांनो, इथं कुणाचं माणूस यायचं राहिलंय का? ज्यांनी हे ठरवलं ते चांगले शिकलेसवरलेले लोक असतील. आमचं त्यांच्याशी वैर नाही, ओळखही नाही. त्यांना ती पडीक ओटी दिसली, आणि आम्हाला तीवर एक माणूस बसलेला दिसत होता. मी अजून रत्नागिरीला जातो. मोटारीने जातो, मोटारीने येतो. बंदराकडे पाय वळत नाहीत. मुंबईत कुणी गाव विचारलं की रत्नागिरी सांगतो, आणि सांगताना मनात गाव येत नाही, भाट्याचं घरही येत नाही. न सांगता येऊन बसावं आणि कुणीतरी न्यायला यावं, अशी एक जागा येते. आता तीच नाही म्हटल्यावर घर कशाला म्हणायचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

दरवर्षी माघ वद्य दशमीला आमच्या गिरगावच्या खोलीत बाबांचं पान वाढतो. पहिल्या वर्षी शेजारच्या साताऱ्याकडच्या काकू आयेला हातभार लावायला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, "तुमचे यजमान कुठं हो वारले?"

आयेने पानावर भाताची मूद घातली, त्यावर वरण वाढलं आणि शांतपणे म्हणाली, "आमच्या रत्नागिरीतच. बंदरावर. मी होते ना तिथं."