नाव न विचारणारी लिंक

वडगावात आमच्या गल्लीत कुणी हळू बोलत नाही. घराघरात पॉवरलूम आहेत. सकाळी सुरू झाले की वीज जाईपर्यंत त्यांचा खडखडाट थांबत नाही, आणि त्यात वर्षानुवर्षं उभी राहिलेली माणसं माग बंद असतानाही ओरडूनच बोलतात. माझे वडील, आप्पा, त्यातलेच. मी शहरातल्या इंग्रजी शाळेत होते. पालकसभेला ते बोलायला लागले की सगळा वर्ग वळून बघायचा. मी त्यांची बाही ओढून म्हणायचे, "आप्पा, हळू." ते आणखी मोठ्यानं म्हणायचे, "हळूच बोलालोय की गं."

आमचे दोन माग होते. मी नोकरीला लागले त्या वर्षी ते राहतील की जातील हे साडीच्या एका काठावर येऊन ठेपलं होतं. खडेबाजारातल्या एका साडीच्या दुकानदारानं आप्पांना सांगितलं होतं, "दुसऱ्या कुणाकडं न्हाय असला काठ आणा. लग्नसराईचं सगळं काम तुमच्याच मागावर. नेहमीचं असंल तर आणू नका, तसलं गठ्ठ्यानं पडलंय." काम मिळालं नाही तर माग विकून दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला जायचं, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण आईनं माग ठेवलेली खोली भाड्यानं द्यायची चौकशी करून ठेवली होती.

आप्पांनी तंबाखूच्या फुलाचा काठ काढला. निपाणीकडं तंबाखूची शेतं लई, पण फूल फारसं कुणी बघत नाही, कारण पान भरावं म्हणून शेंडा आधीच खुडतात. बियाण्यासाठी राखलेल्या चार झाडांवर आप्पांना ते बसमधून दिसलं होतं. लांबट, फिकट गुलाबी, टोकाला पाच पाकळ्या उघडलेल्या. दोन महिने ते चौकटीच्या कागदावर चौकोन भरत होते. दारातच कागद पसरून बसायचे. येणारेजाणारे वाकून बघायचे, आणि आप्पांना त्याची भीती नव्हती. असा काठ नुसता बघून उतरवता येत नाही. चौकोन मोजायला कागद हातात लागतो.

चित्र मागावर चढवायचं तर आधी त्याचे पुठ्ठे लागतात. चित्रातला एक चौकोन म्हणजे एक दोरा, आणि दोरा उचलायचा तिथं पुठ्ठ्याला भोक. हे काम आप्पा तीस वर्षं एकाच माणसाकडून करून घेत. मी त्यांना पंचिंगकाका म्हणायचे. ते आधी मागच्याच गल्लीत होते, नंतर मशीन घेऊन मुलाकडं निपाणीला गेले. मशीनला कॉम्प्युटर जोडलेला होता, पण काकांचा फोन बटणांचा आणि ईमेल वगैरे काही नाही. चित्र पेनड्राइव्हवर घालून न्यायचं तर दुरुस्त्यांसाठी दोनतीन फेऱ्या ठरलेल्या, आणि आप्पा बसमध्ये असले की माग बंद.

"तू कॉम्प्युटरवर बसतीस न्हवं हापिसात," आप्पा म्हणाले. "तिथनं धाड की."

मी कागदावरचं चित्र चौकोनाला चौकोन जुळवून कॉम्प्युटरवर काढलं. फाईल एवढीशी झाली, मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षाही लहान. मग जेवणाच्या सुट्टीत फुकट फाईल पाठवायच्या सोयी शोधत बसले. तीन बघितल्या. पहिली चित्र परस्पर सुधारून देत होती. कडा मऊ करत होती, म्हणजे आमच्या हिशेबानं दोरे तोडत होती. दुसरी चांगली होती. फाईलला कुलूप लावता येत होतं, एकदा उतरवून घेतली की ती आपोआप पुसली जाईल असंही ठरवता येत होतं, पण त्यासाठी माझं नाव आणि मोबाइल नंबर हवा होता. तिसरी काहीच विचारत नव्हती. फाईल टाकली की एक आखूड लिंक मिळायची, शेवटी सातआठ अक्षरं, फोनवर सांगून टाइप करता येतील इतकी. महिन्यानं फाईल पुसली जाणार होती. फाईल किती वेळा उतरवली गेली तो आकडा खाली दिसायचा. कुलूप नव्हतं.

मी तिसरी घेतली. काकांना सोपी पडेल असं मी आप्पांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. अनोळखी जागी नाव द्यायला मला आवडत नाही. नंबर दिला की फोन येतात, आणि फोन आला की बोलावं लागतं. काहीच न विचारणारी जागा मला सुरक्षित वाटली.

संध्याकाळी मी लिंक आप्पांना चिठ्ठीवर लिहून दिली. काकांना ती आप्पाच फोनवर सांगणार होते. माझं काकांशी बोलणं म्हणजे दोन वाक्यं आणि मग गप्प, हे त्यांना माहीत होतं. घरात माग चालू होते म्हणून आप्पा फोन घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर गेले. तिथं चारपाच जण बसले होते, सगळे मागवाले. मी दारात उभी राहून बघत होते.

"लिवून घ्या," आप्पा ओरडले. "के. काठाचा के. मग चार. एम, मागाचा एम. पी. पदराचा पी ओ, पदराचा."

"काय आप्पा, इंग्रजीची शिकवणी लावलीया काय?" कट्ट्यावरचा एक म्हणाला.

"लेकीनं काढलंया," आप्पांनी कानावरचा फोन न काढता सांगितलं. "काठ हितनं निपाणीला जातोय, बसबिगर."

"मग एकदा आमाला बी बसवून धाडा म्हणावं तिला."

सगळे हसले. काकांनाही कमीच ऐकू यायचं, म्हणून आप्पांनी पहिल्यापासून पुन्हा सगळी अक्षरं सांगितली, अजून मोठ्यानं. मला बाहेर जाऊन "आप्पा, हळू" म्हणायचं होतं. पण म्हणायचं तर त्या सगळ्यांसमोर जावं लागलं असतं. मी चप्पल घातली होती. परत काढली आणि आत आले. कट्ट्यावरच्या एकाच्या हातात मोबाइल होता, एवढं मला आठवतं. पण मोबाइल सगळ्यांच्याच हातात असतो.

काकांनी फाईल मिळाल्याचं कळवलं. पुठ्ठे कापून, दोरीत ओवून व्हायला तीन आठवडे लागणार होते. मागावर नक्षी उचलणाऱ्या नव्या कॉम्प्युटरच्या जकार्ड-यंत्राला पुठ्ठे लागत नाहीत, चित्र घातलं की त्याच दिवशी माग चालतो. आमच्या आसपास तसली जकार्डं तिघांकडं आली होती.

तिसरा आठवडा संपता संपता आप्पा दोऱ्याचे नमुने घेऊन खडेबाजारात गेले आणि लगेच परत आले. माग चालू केले नाहीत. आईनं दोनदा विचारल्यावर म्हणाले, "दुकानात टांगलंय. हिरव्या अंगाच्या साडीवर. फूल आपलंच हाय." दुकानदार त्यांना म्हणाला होता की मला आधी ज्यानं आणलं त्याच्याकडनं घेतलं. कुणी आणलं ते त्यानं सांगितलं नाही.

मी मोरीत जाऊन दार लावलं आणि मोबाइलवर लिंक उघडली. मी एकदा फाईल उतरवून बघितली होती, काकांनी एकदा. आकडा दोन असायला हवा होता. तो नऊ होता.

बाहेर आप्पा काकांना फोनवर बोलत होते. "तीस वर्षं तुमच्या हातात कागद दिला. कवा पावती मागितली न्हाय. आनि तुमच्या पोरानं काठ दुसऱ्याला इकला काय?" पलीकडचं ऐकू येत नव्हतं. आप्पांनी फोन ठेवला. मी मोरीतच होते. नऊ आकडा घेऊन बाहेर जायला दहा पावलं लागली असती. गेले असते तर आप्पांना कळलं असतं की आपला काठ त्यांनीच गल्लीला वाचून दाखवला, दोनदा. आणि कुलूप असलेली जागा मी का सोडली तेही सांगावं लागलं असतं. आप्पांना हे सहन होणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मला कशाची भीती वाटत होती ते मी स्वतःलाही सांगितलं नाही.

आठवड्याभरानं काका आले. निपाणीहून बसनं, पुठ्ठ्यांचा ओवलेला गठ्ठा खांद्यावर. आत आले नाहीत. आईनं पाणी दिलं ते हातात धरून उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"आप्पा, माझ्या मशिनीवरनं हे भाईर गेलं न्हाय," ते म्हणाले. आप्पा बघेनात तेव्हा माझ्याकडं वळले. "आक्का, तूच धाडलीवतीस न्हवं? तू शिकल्याली हैस. कुणी कुणी काढून घेतलं ते कळतंय म्हणं त्यात. बघून सांग की गं त्यास्नी."

आप्पांनी पहिल्यांदाच मान वर केली. लिंक पुसली जायला अजून दोन दिवस होते. मोबाइल माझ्या हातात होता.

"तसं काही दिसत नाही त्यात," मी म्हणाले.

काकांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, त्याच्याशेजारी पुठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला आणि ते गेले. पाणी तसंच होतं.

दोन दिवसांनी लिंक उघडून बघितली. अशी कोणतीही फाईल नाही, असं इंग्रजीत लिहून आलं. मी त्याचीच वाट बघत होते.

माग दिवाळीनंतर गेले. त्या खोलीत आता एक शिकवणीचा वर्ग चालतो. पुठ्ठे माळ्यावर आहेत. काका परत आले नाहीत आणि आप्पांनी त्यांचं नाव काढलं नाही. आप्पा दुसऱ्याच्या शेडमध्ये जातात. तिथं चोवीस माग आहेत, त्यामुळं घरी आल्यावर ते पूर्वीपेक्षाही मोठ्यानं बोलतात, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतकं. मी त्यांना हळू बोला म्हणत नाही.